दोन लसी आणि एक पट्टी

७ सप्टेंबर

निवृत्त झालो तेव्हा खात्यातून दोन गोष्टी घरी आणल्या: गुडघेदुखी आणि कोऱ्या नोंदवह्यांचा गठ्ठा. गुडघेदुखी लगेच वापरात आली, वह्या अकरा वर्षं माळ्यावर पडून होत्या. आज एक काढली. पानांवर रकाने छापलेले आहेत: तारीख, यंत्र, बिघाड, उपाय. चौतीस वर्षं यंत्राच्या रकान्यात लिफ्टचा क्रमांक लिहिला. आता तिथे मी. वय एकाहत्तर, उत्पादक दिवंगत, सुटे भाग बाजारात मिळत नाहीत.

वही काढायचं कारण म्हणजे लेकीचा फोन. तिला सातवा महिना आहे. नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही दोघं तिच्याकडे जायचं, हे ठरलेलं. आधी आईशी अर्धा तास बोलली, मग म्हणाली, "बाबांना दे." तिने "बाबांना दे" म्हटलं की मी उभा राहून फोन घेतो.

"बाबा, यायच्या आधी दोघांनी लसी घ्यायच्या. डांग्या खोकल्याचा बूस्टर आणि फ्लूची, या लगेच. न्यूमोनियाची आणि नागिणीची डॉक्टर सांगतील तशी."

"अगं, लहानपणी टोचून झालंय आमचं सगळं."

"लहानपण होऊन किती वर्षं झाली, बाबा?"

मी विषय बदलायला हवामानाचं विचारलं. तिने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बाळाला डांग्या खोकल्याची स्वतःची लस सहा आठवड्यांचं झाल्यावर मिळते, म्हणाली. तोवर त्याला उचलून घेणाऱ्या माणसांनीच आपला खोकला आवरायचा. तीही तिची लस पुढच्या आठवड्यात घेणार आहे. तिला कशाचंच भय नाही, अगदी आईवर गेली आहे.

पुढे कोणाच्या हातात ही वही पडली तर गैरसमज नको, म्हणून स्पष्ट लिहितो. मला सुईची भीती वाटत नाही. ती माझ्या दिशेने आलेली मला आवडत नाही, एवढंच. लेकीच्या लहानपणी तिला टोचायला हीच घेऊन जायची. मी जायला कधीच नाही म्हणालो नाही, पण नेमकी त्याच दिवशी कुठली तरी लिफ्ट अडकायची.

९ सप्टेंबर

संध्याकाळी बुद्धिबळाला खालच्या मजल्यावरचे वकील आले. तेही निवृत्त, पण घरात अजून युक्तिवाद करतात आणि बहुतेक हरतात. त्यांना लसीचं सांगितलं. त्यांनी घोडा उचलला तो हवेतच धरून दहा मिनिटं भाषण केलं.

"आपल्या पिढीला असल्या सुया लागत नाहीत. आपण पावसात भिजून, विहिरीचं पाणी पिऊन वाढलेली माणसं. तू कधी आजारी पडलास शेवटचा?"

मला आठवेना. म्हणजे मुद्दा सिद्ध झाला.

त्यावरून मी त्यांना एका अकरा मजली इमारतीच्या सेक्रेटरीचा किस्सा ऐकवला. मी सुरक्षा-ब्रेकची चाचणी घ्यायला गेलो तर हा मनुष्य आडवा आला. "साहेब, लिफ्ट चालतेय ना मस्त? मग कशाला उघडताय?" मी म्हटलं, चालतेय म्हणूनच उघडतोय, पडल्यावर उघडायला मी नाही, दुसरे लोक येतात. लिफ्टला सरळ कुलूप लावलं. ब्रेकचं अस्तर झिजून कागदाएवढं राहिलं होतं. आमच्या खात्यात माझं एक वाक्य प्रसिद्ध होतं: आधी हात, मग सही. यंत्राला हात लावल्याशिवाय तपासणीच्या कार्डावर सही नाही. काही सहकारी टपरीवर बसून दहा-दहा कार्डांवर सह्या ठोकायचे. मी तसल्या एकाशी सहा वर्षं बोललो नाही.

वकील गेल्यावर ही म्हणाली, "मग उद्या दवाखान्यात जाऊ या?"

मी म्हणालो, "अगं, मी ठणठणीत आहे. तब्येत चालतेय मस्त, मग कशाला उगाच टोचून घ्यायचं?"

ही म्हणाली, "हो का."

हिने टेलिफोन केंद्रात तीस वर्षं नोकरी केली. लोकांचं बोलणं जोडून द्यायची सवय, त्यामुळे स्वतः फार बोलत नाही.

११ सप्टेंबर

ही काल एकटीच जाऊन आली. एका दंडात फ्लूची, दुसऱ्यात बूस्टर. आज दोन्ही हात दुखतायत, थोडी कणकणही आहे. उद्या ओसरेल म्हणाली. मी दोन वेळचा चहा केला आणि घर चालवल्याच्या थाटात वावरलो.

दुपारी मनाशी ठरवून एक कार्ड बनवलं, थेट लिफ्टमध्ये लावायचो तसं. जाड पुठ्ठा, पट्टीने आखलेले रकाने: लस, कोणाला, दिनांक, पुढील दिनांक, सही. फ्रिजवर चुंबकाने लावलं. हिच्या दोन ओळी भरल्या, शेजारी माझी सही. तपासणारा मी. माझ्या ओळी रिकाम्या. त्या रिकाम्या ओळी दर वेळी दूध काढताना बघतात माझ्याकडे. उद्या जातो.

१२ सप्टेंबर

गेलो होतो.

चौकातला दवाखाना. आत गेल्यावर उजवीकडे हिरवा पडदा, त्यामागे लस. रजिस्टरात नाव लिहून सही केली, चौदा नंबरचा बिल्ला मिळाला. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, म्हणाले, जिना चढून आलात का? दवाखाना तळमजल्यावर आहे. मी हो म्हणालो.

बाकावर बसलो. समोर चारेक वर्षांची एक मुलगी आईबरोबर. बारा नंबर. ती पडद्यामागे गेली, "आई गं" एवढंच ऐकू आलं, आणि गोळी चघळत बाहेर आली. जाताना तिने माझ्याकडे बघून दंड दाखवला. तिला माझ्याकडून कौतुक हवं होतं. मी हसायचा प्रयत्न केला, ओठ दातांना चिकटले होते.

तेरा नंबर आत गेले. पडद्याची कड जराशी उघडी राहिली आणि ट्रे दिसला.

तिसाव्या मजल्यावरच्या शाफ्टमध्ये एका पट्ट्यावर लोंबकळत मी डबा खाल्लेला आहे. केबिनच्या छपरावर उभा राहून वर-खाली गेलेलो आहे. आणि त्या ट्रेमधल्या बोटभर लांबीच्या वस्तूने माझी पाचावर धारण बसली. सिस्टर बाहेर येऊन "चौदा" म्हणाल्या तेव्हा मी दारात होतो, "चौदाss" म्हणाल्या तेव्हा रस्त्यात, आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या असतील तर ते मला ऐकू येण्याच्या पलीकडे होतं. बिल्ला अजून खिशात आहे. म्हणजे चोरीही झाली.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात शिरलो. चिकटपट्टी मागितली. दुकानदाराने विचारलं, किती? मी म्हटलं, एक. तिथेच डाव्या दंडावर लावली. तो बघत होता, पण गिऱ्हाइकाच्या खासगी बाबीत पडला नाही.

घरी ही दारातच. "झालं?" मी बाही वर करून पट्टी दाखवली. तोंडाने एक शब्द खोटा बोललो नाही, हे नमूद करतो.

मग फ्रिजपाशी गेलो. पेन खिशात होतं. दोन ओळी भरल्या. दिनांक टाकला. सही केली.

१३ सप्टेंबर

सकाळी चहा देताना हिने सहज विचारलं, "हात दुखतोय का?"

"अजिबात नाही. आमचं शरीर लोखंडाचं."

"मला दोन्ही दंडांत दिली होती. तुम्हाला एकाच?"

एक क्षण गाळण उडाली. पण चौतीस वर्षांचा अनुभव असा वाया जात नाही. म्हटलं, "पुरुषांना एकाच हातात देतात दोन्ही. दुसरा हात कामाला लागतो."

"हो का," ही म्हणाली. पटलं तिला. माझं प्रसंगावधान अजून शाबूत आहे.

दुपारी ही कार्डाचा फोटो काढत होती. विचारलं तर म्हणाली, लेकीने मागितलाय.

१९ सप्टेंबर

लेकीचा फोन. आवाजात एवढा आनंद मी तिच्या पदवीच्या निकालानंतर ऐकला नव्हता.

"बाबा, तुम्ही घेतलीत! मला खरंच वाटेना. मी कार्ड चार वेळा बघितलं. तुमची सही आहे म्हणजे प्रश्नच नाही."

मी म्हटलं, त्यात काय एवढं. खरंच त्यात काही नव्हतं.

तिनेही काल घेतली. कशी काय घेतलीस विचारलं तर म्हणाली, "घेतली एकदाची. ते जाऊ दे." एवढी धीट पोर, बोलताना मध्येच गप्प का झाली कळलं नाही. थकली असेल.

पुढची बातमी अशी की कार्डाचा फोटो तिने सासरी पाठवला. आमचे व्याही लसीला तयार नव्हते. "सुनबाईचे वडील एकाहत्तरव्या वर्षी घेतात, कार्ड करून फ्रिजला लावतात, आणि तुम्ही?" असं म्हणून विहीणबाईंनी त्यांचे कान उपटले. ते आज जाऊन घेऊन आले. त्यांच्या बहिणीनेही घेतली. त्यांच्या इमारतीत कार्डाच्या प्रती फिरतायत.

मी कोणाकोणाला टोचलं याची यादी वाढते आहे. मी सोडून सगळा गोतावळा सुरक्षित होणार असं दिसतं.

४ ऑक्टोबर

ही बाजारातून आली. "दवाखान्यातल्या सिस्टर भेटल्या. तुमची आठवण काढत होत्या."

छाप पडली असणार. काही माणसं पाच मिनिटांतही लक्षात राहतात.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कधीही पाठवा." मग पिशवीतून कांदे काढत म्हणाली, "मी पंधरा तारखेला न्यूमोनियाची घ्यायला जातेय. येता बरोबर?"

मी म्हटलं, त्या दिवशी वकिलांकडे डाव आहे.  कांदे जरा जोरात टोपलीत पडले.

२३ ऑक्टोबर

वकील आठवडाभर फिरकले नाहीत, म्हणून मीच खाली गेलो. बिछान्यावर एका कुशीवर, सदरा काढलेला. पाठीपासून पोटापर्यंत उजव्या बाजूने फोडांचा पट्टा. नागीण. चादरीची कड लागली तरी किंचाळतात. ज्या माणसाने न्यायमूर्तींसमोर कधी आवाज खाली आणला नाही, तो कुजबुजत बोलत होता, कारण श्वास घेतला की दुखतं.

मी खुर्चीवर बसलो.  म्हटलं, "डॉक्टर काय म्हणाले?"

"म्हणाले, लस घेतली असती तर शक्यता खूप कमी होती. आता पट्टा वाळला तरी दुखणं काही महिने राहू शकतं म्हणे." थोडं थांबून म्हणाले, "तू शहाणा निघालास. माझं ऐकलं नाहीस. घेतल्यास तू सुया."

मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

निघताना त्यांनी माझा हात धरला. "बाकीच्याही घे. आणि सगळ्यांना सांग. तुझं लोक ऐकतात."

जिना चढताना दोनदा थांबलो. गुडघ्यामुळे नाही. इतके दिवस हा खेळ विनोदी वाटत होता, निदान मला. आज पहिल्यांदा तसा वाटला नाही. बाळाला हा असला पट्टा होणार नाही, पण खोकला होईल. लेकीने वाचून दाखवलं होतं, तान्ही मुलं खोकता खोकता श्वास घ्यायची थांबतात. आणि मी एका महिन्याने त्याला छातीशी धरणार आहे, खिशात चौदा नंबरचा बिल्ला घेऊन.

सोमवारी जातो. नक्की.

३० ऑक्टोबर

सोमवारी दवाखान्याच्या दारापर्यंत गेलो. आत गर्दी होती. मंगळवारी गेलो, गर्दी नव्हती. त्यामुळे आणखी घाबरलो. बुधवारी पाऊस होता. गुरुवारी नव्हता, पण पडेल असं वाटत होतं.

बिघाड: मी. उपाय: रकाना लहान आहे.

अजून महिना आहे हातात. तारीख एकोणतीस नोव्हेंबर. पंधरा तारखेपर्यंत घेतली तरी चालेल.

८ नोव्हेंबर

बाळ आलं. तीन आठवडे आधी. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, मुलगी, अडीच किलो, दोघी सुखरूप. जावयांचा आवाज फोनवर थरथरत होता. मी त्यांना चार वेळा विचारलं, दोघी बऱ्या आहेत ना, आणि त्यांनी चार वेळा हो सांगितलं.

फोटो आला. चेहरा लाल, मुठी आवळलेल्या, भुवया अशा की कोणावर तरी कारवाई होणार. मी तिला मुकादम म्हणायचं ठरवलं.

हिने डोळे पुसले, फोटो परत बघितला आणि म्हणाली, "परवाच्या गाडीने निघायचं."

मला खूप आनंद झाला. आणि त्याच वेळी पायाखालची जमीन सरकली. दोन्ही एकदम होऊ शकतं हे माहीत नव्हतं.

९ नोव्हेंबर

दवाखाना नऊला उघडतो. मी साडेआठला पायरीवर होतो.

सिस्टरांनी कुलूप काढलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या, चौदा नंबर."

रजिस्टर उघडलं. बारा सप्टेंबरचं पान. माझं नाव, माझी सही, आणि पुढे लसीच्या रकान्यात काहीच नाही. सही आधी, काम नाही. टपरीवर बसून केल्यासारखी माझी पहिली सही. त्या रकान्यावर त्यांनी पेन्सिलीने बारीक वर्तुळ करून ठेवलं होतं.

"आजोबा, भीती वाटते का?"

आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो, "हो. फार."

"मग तिकडे बघा. कॅलेंडरकडे. आणि बोलत राहा."

मी कॅलेंडरकडे बघत त्यांना ब्रेकच्या अस्तराबद्दल सांगितलं. काउंटरवेटपर्यंत, म्हणजे लिफ्टच्या तोलाच्या वजनापर्यंत, पोचलो तेव्हा त्या म्हणाल्या, झालं, दोन्ही. मला विश्वास बसेना. दोन महिने ज्याच्यापासून पळत होतो ते एका वाक्यात उरकलं होतं. मी त्यांना म्हटलं, एवढंच? त्या म्हणाल्या, एवढंच. मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटली, पण दोन्ही दंड आताच टोचलेले.

मग मी नात तीन आठवडे आधी झाल्याचं सांगून विचारलं, "उद्या बाळाला घेता येईल ना?"

सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. "लस अंगात भिनायला दोनेक आठवडे लागतात. मी तुमच्या जागी असते तर तेवढं थांबले असते. त्यात ती आधी आलेली."

घरी आलो. ही बॅग भरत होती. बॅगेत फक्त हिचेच कपडे. पलंगावर तिकीट.

मी सांगायला तोंड उघडलं तर ही म्हणाली, "एकच काढलंय."

मी बसलो. "तुला कधीपासून माहीत?"

"दोन लसी आणि एक पट्टी." ही साडीची घडी घालत राहिली. "वाटलं, आज सांगाल, उद्या सांगाल. मी किती वेळा दार उघडून दिलं तुम्हाला."

"लेकीला सांगितलंस?"

"मी कशाला सांगू? सही तुमची आहे."

आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिने माझे दोन्ही दंड हलकेच दाबून बघितले. मी कळवळलो. "आता घेतलीत," ती म्हणाली आणि बॅगेची चेन लावली.

१० नोव्हेंबर

ही सकाळच्या गाडीने गेली. दुपारी मी फोन केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं. पहिलं वाक्य वाचलं आणि पुढचं अक्षर दिसेना, म्हणून तसंच सांगितलं. मी बारा सप्टेंबरला घेतली नाही. पळून आलो. कार्डावरची सही खोटी आहे. काल घेतली. म्हणून दोन आठवडे येत नाही.

पलीकडून बाळाचं कुरकुरणं तेवढं ऐकू आलं.

मग लेक म्हणाली, "बाबा, मी माझी घेतली ना, त्या दिवशी मला दवाखान्यात घेरी आली होती. मी परत निघाले होते. रिक्षात बसले होते. मग फोनवर तुमचं कार्ड उघडून बघितलं आणि म्हटलं, बाबांनी घेतली तर मी का पळतेय. परत आत गेले."

"पण तुला तर कशाचीच..."

"मला सुईची तुमच्याइतकीच भीती वाटते, बाबा. लहानपणापासून. लिफ्ट अडकत नव्हती, हे मला पहिलीतच कळलं होतं. म्हणून तर या वेळी एवढा आनंद झाला होता."

ती ओरडली नाही. रडलीही नाही. बाळाला पाजायचंय म्हणून फोन ठेवला.

 माझी मला लाज वाटली. एकोणचाळीस वर्षं ज्या मुलीला मी धीट समजत होतो, ती दर वेळी घाबरत होती आणि तरी हात पुढे करत होती. आणि मी तिला बघायला खोलीतच नव्हतो.

फ्रिजवरून कार्ड काढलं. माझ्या दोन ओळी खोडल्या, शेजारी लिहिलं: चुकीची नोंद. खाली खरी तारीख टाकली आणि फोटो व्याह्यांसह सगळ्यांना पाठवला. व्याह्यांचं उत्तर आलं: "हरकत नाही. आमची तर झाली." त्यांना हसू आलं असेल तर त्यांचा तो हक्कच आहे.

१४ नोव्हेंबर

दंड तीन दिवस दुखले. तक्रार करायला घरात कोणी नाही, त्यामुळे लवकर थांबले. वकिलांना खाली जाऊन खरं सांगितलं. ते हसले आणि हसल्यामुळे कळवळले, म्हणजे शिक्षा दोघांनाही झाली. म्हणाले, "पक्षकाराने स्वतः कबुली दिली की वकिलाला काही काम उरत नाही."

ही रोज फोनवर मुकादम दाखवते. लेक पडद्यावर येत नाही. तिचा हात दिसतो, दुपट्याची कड दिसते.

२५ नोव्हेंबर

पोचलो. सात तासांचा प्रवास, गाडीत कोणी शिंकलं की मी उठून दुसऱ्या जागेवर. तिकीट तपासणाऱ्याने तीन वेळा माझी जागा शोधली.

लेकीने दार उघडलं. वाळली आहे. "हात धुवा, बाबा," म्हणाली. धुतले. "बसा." बसलो. तिने बाळ माझ्या हातात दिलं आणि शेजारी उभी राहिली, हात अर्धवट पुढे केलेले, मी पाडलं तर झेलायला.

मुकादमाचं वजन काहीच नाही. मी टनांचे हिशेब केलेला मनुष्य, पण एवढं जड काही उचललं नव्हतं. पाच मिनिटांनी लेक म्हणाली, "द्या." मी दिलं. विषय निघाला नाही. ती माझ्याशी व्यवस्थित बोलते, पाहुण्याशी बोलतात तसं.

२० डिसेंबर

आज मुकादमाला सहा आठवडे झाले. लस.

जावई कामावर. निघायच्या वेळी हिचं डोकं दुखायला लागलं. अगदी अचानक. "तुम्ही दोघं जा," म्हणाली आणि पंख्याखाली पडून मासिक वाचू लागली. मासिक वाचून डोकं आणखी दुखेल असं मी म्हटलं. ही म्हणाली, "हो का."

दवाखान्यात रांग छोटी होती. लेक बाळाला घेऊन बसली. तिचा पाय हलत होता. कपाळावर घाम. आमचा नंबर आला, ती उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. चेहरा पांढराफटक. तो चेहरा मी ओळखतो, रोज आरशात बघतो.

ती वळली. महिनाभरात पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलं.

"बाबा, माझ्याच्याने नाही होणार. तुम्ही धराल?"

मी हात पुढे केले.

आत तिथल्या सिस्टरांनी दाखवलं: हिला असं मांडीवर घ्या, हात इथे, पाय घट्ट धरा, हलला तर जास्त दुखेल. म्हणजे तिकडे बघायचं नाही असं करता येईना. पाय कुठे आहे, सुई कुठे आहे, दोन्ही बघावं लागणार. या खोलीत कॅलेंडरही नव्हतं. मी बघितलं. सुई जाताना बघितली, आणि येतानाही. मुकादमाने आधी माझ्याकडे आश्चर्याने बघितलं, मग तोंड उघडलं आणि जे काही ओरडली ते खालच्या रस्त्यावर गेलं असेल. दुसऱ्या मांडीत दुसरी. माझे हात हलले नाहीत. बाकी सगळा मी हललो.

"झालं, आजोबा. आता छातीशी धरा."

धरलं. ती माझ्या सदऱ्यात तोंड खुपसून हुंदके देत होती. मी तिला काय काय सांगत होतो, आठवत नाही. आजोबा इथेच आहेत, असं काहीतरी.

बाहेर लेक भिंतीकडे तोंड करून उभी होती, दोन्ही कानांवर हात.

"झालं," मी म्हटलं.

तिने हात काढले. "तुम्ही बघितलंत?"

"सगळं बघितलं."

तिने बाळाकडे हात केले नाहीत. माझ्या दंडाला धरलं आणि तिथेच कपाळ टेकवलं. ती लहान असताना असं कधी करायची का, मला माहीत नाही. अशा वेळी तिच्याजवळ मी पहिल्यांदाच होतो.

"पुढची दहाव्या आठवड्यात आहे," ती माझ्या बाहीत बोलली. "बाबा, तेव्हाही तुम्हीच या."

 मी मान हलवली. कपाळ टेकलेलं होतं, तिला ते कळलं असावं.